उधारीचे रान

लंडनच्या पूर्वेला मेडवे नदीच्या मुखाशी लॅपल बँक नावाचा एक चिखलपट्टा होता. ओहोटीला उघडा पडणारा, भरतीला बुडणारा, हिवाळ्यात उत्तरेकडून उतरणाऱ्या चिखल्या-टिलव्यांच्या पोटापाण्याची जागा. शेजारच्या शीरनेस बंदराला विस्तारासाठी नेमका तोच हवा होता. १९९३ मध्ये ब्रिटिश सरकारने तिथली खाडी पक्ष्यांसाठी संरक्षित म्हणून जाहीर केली, आणि लॅपल बँकेचा तुकडा मात्र बंदरासाठी हद्दीबाहेर ठेवला. आरएसपीबी ही पक्षिसंरक्षण संस्था न्यायालयात गेली. खटला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत पोचला आणि जुलै १९९६ मध्ये निकाल आला: संरक्षित क्षेत्राची हद्द आखताना आर्थिक लाभहानीचा विचार करता येणार नाही. संस्था जिंकली. तोवर लॅपल बँकेवर भराव पडून मोटारी उभ्या करण्याचा तळ झाला होता. खटल्याचा निकाल लागेपर्यंत काम थांबवा, ही विनंती आधीच फेटाळली गेली होती.

गेलेला चिखल परत आणता येत नव्हता. मग त्याच्या बदल्यात दुसरा चिखल तयार करायचे ठरले, आणि त्यासाठी निवडली गेली गव्हाची शेते. एसेक्स परगण्यात क्राउच नदीच्या मुखाशी वॉलसी नावाचे बेट आहे. शेकडो वर्षांपूर्वी ते खाजणच होते. माणसांनी त्याला बांध घातले, खारे पाणी बाहेर ठेवले, आत आधी गुरे चारली आणि पुढे गहू घेतला. जुलै २००६ मध्ये सरकारने बेटाच्या उत्तरेकडचा बांध मुद्दाम फोडला आणि सुमारे ११५ हेक्टर शेतात भरतीचे पाणी शिरू दिले. ही लॅपल बँकेची आणि फेलिक्स्टो बंदराने गिळलेल्या फॅगबरी फ्लॅट्सची भरपाई. नुकसान आणि भरपाई यांच्यात दहा वर्षांहून जास्त अंतर पडले. या काळात तिथले पक्षी कुठे जेवले, याची नोंद भरपाईच्या हिशेबात नसते.

विकासकामाने जे वन्यजीवन नष्ट होते त्याच्या बदल्यात दुसरीकडे, बहुधा शेतजमिनीवर, तेवढेच किंवा जास्त वन्यजीवन उभे करायचे, ही कल्पना आज जगभर कायद्यांत उतरली आहे. नावे वेगवेगळी: कुठे ऑफसेट, कुठे मिटिगेशन, आपल्याकडे पर्यायी वनीकरण. जर्मनीने १९७६ च्या निसर्गसंरक्षण कायद्यात ती आणली. अमेरिकेत १९७२ च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टखाली पाणथळी बुजवायला परवाना लागू लागला आणि १९८९ मध्ये थोरल्या बुश यांच्या सरकारने ‘निव्वळ घट नको’ हे धोरण स्वीकारले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक मोजणीत ३७ देशांत अशा भरपाईचे जवळजवळ १३ हजार प्रकल्प आढळले. त्यांचे एकूण क्षेत्र दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याएवढे. पुढच्याच वर्षी उपलब्ध अभ्यासांचा आढावा आला. ज्या धोरणांचे आणि प्रकल्पांचे फलित तपासले गेले होते, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच ‘निव्वळ घट नाही’ या कसोटीला उतरले, आणि ते मुख्यत्वे पाणथळींचे. जंगलांच्या खात्यात यश जवळपास कोरेच.

हा पाणथळींचा अपवाद योगायोगाने आलेला नाही.

शेतीने निसर्गाचे काय केले, याचे उत्तर जागोजागी वेगळे असते. काही ठिकाणी तिने फक्त पाणी अडवले किंवा काढून टाकले. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत मक्या-सोयाबीनच्या शेतांखाली एकेकाळी दलदली होत्या. एकोणिसाव्या शतकापासून शेतकऱ्यांनी जमिनीत भाजक्या मातीच्या नळ्या गाडून ते पाणी ओढ्यांत सोडले. आता त्या जागी प्लास्टिकचे सच्छिद्र पाइप आहेत. तिथे भरपाईचे काम करणारा ठेकेदार पहिल्यांदा नळी फोडतो आणि चर बुजवतो. पाणी आपली जुनी जागा ओळखते. मातीत निजलेली काही बीजे उगवतात, पाणपाखरे येतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत ते दृश्य असे असते की छायाचित्र काढावे आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर लावावे.

मुखपृष्ठ उलटले की आतले आकडे येतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगभरातल्या ६२१ पुनरुज्जीवित किंवा नव्याने केलेल्या पाणथळी शेजारच्या नैसर्गिक पाणथळींशी ताडून पाहिल्या. काही जागा शतकभर जुन्या होत्या, तरी सजीवांची रचना सरासरी २६ टक्के कमी आणि मातीतली कार्बन-नत्राची कामे २३ टक्के कमी भरली. वॉलसीसारख्या ब्रिटिश किनाऱ्यावरच्या फोडलेल्या बांधांचेही असेच. तिथल्या १८ जागांच्या तुलनेत दिसले की खाजणातल्या वनस्पती येतात, पण त्यांचे प्रमाण बिघडलेले असते. लगेच पसरणाऱ्या एकवर्षी वनस्पती भरपूर, सी लॅव्हेंडरसारख्या सावकाश स्थिरावणाऱ्या फारच थोड्या. कारण नांगराकडेच जाते. दशकानुदशके दाबली गेलेली, सपाट केलेली माती पाणी नीट झिरपू देत नाही; नैसर्गिक खाजणात शेकडो वर्षांत कोरल्या गेलेल्या लहानमोठ्या ओघळींचे जाळे शेतात नसते. शिवाय बांधाआड राहिलेल्या जमिनीला भरतीबरोबर येणारा गाळ मिळत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे बाहेरच्या खाजणापेक्षा खाली राहते. नुसता बांध फोडला तर काही भाग खोल पाण्यातच जाईल. वॉलसीच्या पुढच्या टप्प्यात म्हणून जमीन उचलावी लागली. लंडनखाली क्रॉसरेलचे बोगदे खोदताना निघालेली सुमारे ३० लाख टन माती जहाजांनी या बेटावर आणून टाकली, आणि २०१५ मध्ये तिथला बांध फोडला. आज लंडनची एलिझाबेथ लाइन ज्या बोगद्यांतून धावते, त्यांच्या पोटातली माती एसेक्सच्या किनाऱ्यावर पक्ष्यांच्या पायाखाली आहे. हा दुसरा टप्पा कुणा बंदराने केलेल्या नुकसानीची भरपाई म्हणून केलेला नव्हता, आणि भरपाईच्या कित्येक प्रकल्पांपेक्षा त्यावर जास्त विचार झालेला दिसतो.

तरीही पाण्याचा व्यवहार त्यातल्या त्यात प्रामाणिक होऊ शकतो. मूळ कारण परत आले की परिणाम निदान अर्धामुर्धा परत येतो. गवताळ माळाचे तसे नाही.

मेलबर्न शहराच्या पश्चिमेला ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर पसरलेली मैदाने आहेत. दख्खनच्या माणसाला नकाशा पाहूनच ओळख पटावी अशी. त्यांवर थेमेडा गवताचे माळ होते. याच कुळातली गवते आपल्या सह्याद्रीच्या उतारांवरही आहेत. त्या माळांत गोल्डन सन मॉथ नावाचा पतंग राहतो आणि पाय नसल्याने साप वाटणारा एक सरडाही. शहर पश्चिमेकडे वाढणार हे दिसताच व्हिक्टोरिया राज्याने २०१० च्या सुमारास मोठा सौदा मांडला: वाढत्या उपनगरांखाली उरलेले माळाचे तुकडे जाऊ द्या, त्या बदल्यात विकासकांकडून आकार घ्या, त्यातून शहराबाहेरची शेते आणि कुरणे विकत घ्या, आणि २०२० पर्यंत १५ हजार हेक्टरचे सलग गवताळ अभयारण्य उभे करा. विखुरलेल्या तुकड्यांऐवजी एक मोठा माळ. कागदावर यात खोट काढणे कठीण.

२०२० उजाडले तेव्हा राज्याच्या महालेखापालाने मोजले. विकत घेतलेली जमीन ठरलेल्याच्या सुमारे दहा टक्के होती. शहर वाढले तशा जमिनीच्या किमती वाढल्या आणि आकारातून येणारा पैसा मागे पडला. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी ‘पुढे घ्यायच्या’ यादीत होत्या, त्यांना त्यात खर्च करण्याचे कारण उरले नाही. अशा रेंगाळलेल्या जमिनीत बाहेरून आलेली काटेरी गवते शिरतात आणि राहिलेले मूळ गवत दाबून टाकतात. म्हणजे सौद्याच्या एका बाजूचे गेले, आणि दुसऱ्या बाजूला जे आधीपासून होते तेही झिजू लागले.

जमीन हाती आली तरी काम सोपे नव्हते. ज्या माळावर फक्त मेंढ्या चरल्या, तिथे आशा असते. ज्यावर नांगर फिरला आणि सुपर फॉस्फेट पडले, तिथे मातीचा स्वभाव बदलतो. मूळ गवते गरीब मातीत तग धरायला शिकलेली असतात; स्फुरदाने सुपीक झालेल्या जमिनीत तण त्यांच्यापुढे धावते. उपाय आहे: वरचा मातीचा थर यंत्राने खरवडून काढायचा आणि उघड्या, निकृष्ट मातीत मूळ गवतांचे बी पेरायचे. तो ऑस्ट्रेलियात काही ठिकाणी यशस्वी झाला आहे. पण किती मोठ्या क्षेत्रावर, आणि इतके देशी गवताचे बी आणायचे कुठून? पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याने जी माती सुपीक करायला घाम गाळला, तीच खरवडून फेकायला पैसे मोजावे लागतात. शेती आणि रान यांच्यातल्या वैराचे इतके उघड रूप दुसरीकडे क्वचितच दिसते.

हिशेब करणारी मंडळी या अडचणी ओळखून आहेत, आणि त्यांच्या पद्धतीला उगाच हिणवण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या २०२१ च्या पर्यावरण कायद्यातला भरपाईचा नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. प्रत्येक मोठ्या बांधकामाने जागेच्या जैवविविधतेत किमान दहा टक्के वाढ करून दाखवायची आणि ती तीस वर्षे राखायची. मोजण्यासाठी एक सूत्र आहे: क्षेत्रफळ, अधिवासाचे वेगळेपण, त्याची स्थिती. तयार व्हायला वेळ घेणाऱ्या किंवा जमेल की नाही याची खात्री नसलेल्या अधिवासाचे गुण त्यात कापले जातात. जुन्या जंगलासारख्या गोष्टी सौद्याच्या बाहेर ठेवल्या जातात. शेतकरी आपल्या शेतात कुरण किंवा झाडोरा वाढवून त्याचे ‘युनिट’ बिल्डरला विकू शकतो. पडत्या भावाच्या गव्हापेक्षा हे पीक काहींना बरे वाटते.

खोच आहे ती शेताला मिळणाऱ्या गुणांत. नांगरलेल्या शेताला हे सूत्र जवळजवळ तळाचे गुण देते: हेक्टरी दोन. म्हणून शेतावर घरे बांधणाऱ्याला थोड्या परसबागा आणि एक तळे दाखवून दहा टक्के गाठणे जड जात नाही. आणि शेताचे कुरण करणाऱ्याच्या खात्यात मोठी वाढ दिसते. पण त्याच ‘दोन गुणांच्या’ शेतात चंडोल जमिनीवर घरटे करतो. चंडोलाला उंच झाडे आणि घरे नकोत, मोकळे रान लागते. सूत्र अधिवास मोजते, पक्षी मोजत नाही. जर्मनीत शेतकरी संघटनांनी वेगळ्या कारणाने हाच मुद्दा लावून धरला होता: रस्त्याला एकदा जमीन जाते आणि रस्त्याच्या भरपाईला दुसऱ्यांदा. २०१० पासून तिथल्या कायद्याने सांगितले की भरपाई ठरवताना शेतीचाही विचार करा, आणि जमीन शेतीतच ठेवून करता येणारे उपाय आधी पाहा: पेरणीत चंडोलासाठी मोकळे चौकोन सोडणे, बांधालगत फुलांचे पट्टे, उशिरा कापणी.

याचा सगळ्यात खणखणीत दाखला कॅलिफोर्नियात आहे. सॅक्रामेंटो शहराला लागून नाटोमास नावाचे भाताचे खोरे आहे. जायंट गार्टर स्नेक नावाचा दुर्मिळ पाणसाप तिथे राहतो. त्याच्या मूळच्या दलदली केव्हाच गेल्या. आता भाताची खाचरे आणि पाटच त्याची दलदल. खाचरांत पाणी भरण्याचा हंगाम आणि सापाचा जागे राहण्याचा हंगाम जुळतो. स्वेन्सन्स हॉक हा शिकारी पक्षी आसपासच्या लसूणघासाच्या शेतांत उंदीर धरतो. त्या खोऱ्यात एकूण साडेसतरा हजार एकरांवर बांधकाम व्हायचे होते. १९९७ ची पहिली योजना न्यायालयाने रद्द केली. २००३ च्या सुधारित योजनेत ठरले की विकसित होणाऱ्या प्रत्येक एकरामागे अर्धा एकर राखायचा, आणि राखलेल्या जमिनीपैकी निम्मी भातशेतीच ठेवायची, पाव भाग दलदल करायची, पाव भाग कोरडवाहू रान. म्हणजे शेतकऱ्याला बाहेर काढून निसर्ग आणायचा नाही. भात पिकवत राहणे हेच संवर्धन. एकराला अर्धा एकर हे गणित मला पटत नाही. त्यात नुकसान उघड मान्य केलेले आहे. पण शेतात आधीच कोण राहते, हा प्रश्न त्या योजनेने निदान विचारला.

आपल्या सोलापूरच्या नान्नजला हा प्रश्न आपण विचारला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल, उशिरा विचारला. माळढोक १९७९ च्या अभयारण्यातल्या गवताळ तुकड्यांइतकाच ज्वारी-करडईच्या शेतांत फिरत असे. तो पक्षी माळ आणि कोरडवाहू शेती यांच्या सांध्यावर जगणारा. बागायती ऊस आला, विजेच्या तारा आल्या, तसा सांधा उसवला. अशा पक्ष्यासाठी ‘शेत काढून वन करा’ हा उपाय औषधाच्या नावाखाली दुखणे वाढवणारा.

आणि भारतात भरपाईचा कायदेशीर अर्थ झाड हाच आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली वनजमीन दुसऱ्या कामाला दिली तर तेवढीच वनेतर जमीन द्यायची आणि तीवर झाडे लावायची. वनेतर जमीन न मिळाल्यास निकृष्ट वनजमिनीवर दुप्पट क्षेत्रात लागवड. याशिवाय तोडल्या गेलेल्या जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरायचे. सर्वोच्च न्यायालयातल्या गोदावर्मन खटल्यातून या पैशांसाठी वेगळा निधी उभा राहिला, २०१६ मध्ये कॅम्पा कायदा झाला आणि २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून जास्त रक्कम वर्ग केली. पैशांचा तुटवडा हे कारण त्यामुळे बाद. तुटवडा जमिनीचा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालानुसार २००६ ते २०१२ या काळात १ लाख ३ हजार हेक्टरांहून अधिक वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८ हजार हेक्टर. त्यांतल्या ७,२८० हेक्टरांवर लागवड झाली, म्हणजे येणे असलेल्या जमिनीच्या सात टक्के. मेलबर्नचे दहा टक्के आठवावेत. दोन खंड, दोन कायदे, आणि थकबाकीचे प्रमाण सख्ख्या भावंडांसारखे.

ही वनेतर जमीन कोणती असते? सुपीक शेत कुणी देत नाही. यादीत येतात गायराने, खडकाळ माळ, ‘पडीक’ शेरा मारलेली जमीन. ज्या माळावर लांडगा फिरतो, धावीक घरटे करते, धनगर मेंढरे चारतो, त्यात खड्डे खणून ग्लिरिसिडिया किंवा निलगिरी लावली की एका जंगलाच्या बदल्यात एक माळ संपतो आणि वहीत त्याची नोंद जमेच्या बाजूला होते. ग्रेट निकोबारच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर विषुववृत्तीय जंगल जायचे आहे आणि त्याची भरपाई हरियाणात दाखवली गेली, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. हसू येते, पण नियमाच्या चौकटीत ते बसते. नियम हेक्टर विचारतो. निकोबारचा मेगापोड पक्षी हरियाणात काय करणार, हे विचारत नाही.

शेतजमिनीचे खरोखर रान झालेले पाहायचे असेल तर महाराष्ट्रात ते पर्यायी वनीकरणाच्या फलकाजवळ सापडणार नाही. ताडोबातल्या जामणीला किंवा नवेगावला जावे, मेळघाटात कोहा-कुंडला जावे. ही गावे व्याघ्रप्रकल्पांतून बाहेर पुनर्वसित झाली. अलीकडच्या पुनर्वसनांत कुटुंबामागे दहा लाख, २०२१ पासून पंधरा लाख रुपये, किंवा जमीन आणि घर. मागे राहिलेल्या शेतांत झाडे लावण्याचा मोह वनविभागाने आवरला, हे महत्त्वाचे. तिथे गवत वाढू दिले, तण काढले, चांगल्या गवतांचे बी टाकले. गुरांच्या शेणाने वर्षानुवर्षे पोसलेली ती माती. मारवेलसारखे मऊ गवत तिथे जोमाने येते आणि चितळ, सांबर, गवे त्यावर उतरतात. ज्या सुपीकतेने मेलबर्नचे गवत मारले, तीच इथे तृणभक्ष्यांच्या पथ्यावर पडली. ती तिथून उठून गेलेल्या लोकांची कमाई आहे, हे सफारीच्या जिप्सीतून सहसा सांगितले जात नाही. गावे स्वेच्छेने हलली असे सरकारी कागद म्हणतो. बऱ्याच गावांत ते खरे आहे, काहींत ‘स्वेच्छा’ या शब्दाला बरेच ओझे वाहावे लागले.

शेतकऱ्याची इच्छा हा या सगळ्या आढाव्यात सगळ्यात कमी मोजलेला भाग. नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतातले हेडविगे पोल्डर त्यासाठी पाहावे. १९०७ मध्ये समुद्राकडून मिळवलेली सुमारे तीनशे हेक्टर शेती. शेल्ड नदीचा जलमार्ग अँटवर्प बंदरासाठी खोल करायचा, तर खाडीच्या निसर्गाची झीज भरून काढायला हवी. म्हणून २००५ च्या डच-फ्लेमिश करारांत हे पोल्डर पुन्हा पाण्याखाली घालायचे ठरले. बेल्जियमच्या बंदराचा फायदा आणि डच हद्दीतली शेती. त्यातही झीलंड. १९५३ च्या महापुरात नेदरलँड्समध्ये १,८०० हून जास्त माणसे गेली, त्यांतली सर्वांत जास्त याच प्रांतातली. समुद्राला आपल्या हाताने आत घ्यायचे, हे त्या लोकांना पाप वाटले. सरकारे बदलली, एका सरकारने पोल्डर बुडवणार नाही असे जाहीर केले, ब्रुसेल्सने कान पिळले, खटले झाले, शेवटी जमिनीचे सक्तीने संपादन झाले. शेवटच्या टप्प्यात नदीच्या पाण्यातल्या पीएफएएस रसायनांचाही वाद निघाला. बांध फुटला तो २०२२ च्या शरद ऋतूत. करारापासून सतरा वर्षे. जलमार्ग तोवर कधीच खोल झाला होता.

झीलंडमधल्या जमीनमालकाला निदान सतरा वर्षे भांडता आले आणि शेवटी मोबदला मिळाला. रायगडच्या खारपट्ट्यात हेच नाटक विनासंहिता चालू आहे. पेण, अलिबाग या तालुक्यांत खाड्यांच्या काठाने पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून भातशेती झाली. समुद्राकडचा बाह्यकाठा, पाणी सोडायला उघाडी, आणि दुरुस्तीला एकत्र येणारा शेतकऱ्यांचा जोळ. एकट्याच्या हाताबाहेरचे काम पडले की सगळ्या गावाने चिखल वाहायचा. गोव्यात हीच रचना खाजन म्हणून चालते. तिथे उघाडीला मानस म्हणतात आणि खारे पाणी सोसणाऱ्या भाताला कोरगुट. आपल्याकडे पनवेलच्या संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ ही खारवट जमिनीची वाणे दिली. पुढे बाह्यकाठ्यांची जबाबदारी सरकारकडे गेली, जोळ मोडले, तरुण मुंबईला किंवा कारखान्यांत गेले. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडते. काही गावे खाडीतल्या रेतीउपशाला दोष देतात, काही बार्जच्या लाटांना. आठवड्यात बुजवली नाही तर खांड रुंदावते, आणि एका पावसाळ्यानंतर शेतात तिवराची रोपे दिसू लागतात. पाण्यावर तरंगत आलेल्या बिया, कुणी पेरल्या नाहीत. पाच-सात वर्षांत कांदळवन.

वॉलसीवर ज्या गोष्टीसाठी इंग्लंडने अभियंते, जहाजे आणि कोट्यवधी पौंड लावले, ती इथे फुकट आणि जास्त चांगली होते. आमचे तिवर त्यांच्या खाजणगवतापेक्षा उतावळे. मासे येतात, जिताड्याची पिले वाढतात, बगळे-करकोचे उतरतात. आणि त्या क्षणी शेतकऱ्याचे दार बंद होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर कांदळवन ही तोडता न येणारी गोष्ट आहे. शासकीय जमिनीवर ते वन, खासगीवरही संरक्षित. निकाल योग्यच होता, मुंबईच्या खाड्या त्याने वाचल्या. पण पेणच्या शेतकऱ्याला बांध पुन्हा बांधून भात लावायचा असेल, तर आता त्याला आधी तिवर काढावे लागेल, आणि तो गुन्हा आहे.

दरम्यान मुंबईत पूल, रस्ते यांसारख्या कामांसाठी न्यायालयाच्या परवानगीने कांदळवन तोडले जाते आणि त्याची भरपाई म्हणून कुठे तरी रोपे लावली जातात. मला बरेच दिवस वाटत आले आहे की हा पैसा रायगडच्या खारपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना द्यावा: ज्यांच्या शेतात कांदळवन उभे आहे, त्यांची जमीन बाजारभावाने विकत घ्या किंवा वर्षाला भाडे द्या. वन्यजीव तिथे आहे, माणूस उपाशी आहे, खाते जुळते. या क्षेत्रातल्या जाणकारांकडून याला येणारा आक्षेप बिनतोड आहे. भरपाईचा पहिला नियम असा की तिने काही तरी नवे घडले पाहिजे. जे कांदळवन आधीच उभे आहे आणि कायद्याने आधीच तोडता येत नाही, त्याला पैसे देऊन निसर्गात काहीही भर पडत नाही. म्हणून ते भरपाईत धरता येणार नाही.

आक्षेपाचे तर्कशास्त्र मी दोनदा तपासून पाहिले. त्यात चूक नाही. शेतकऱ्याचे नुकसान सरकारने दुरुस्ती न केल्यामुळे झाले, परवान्यामुळे नाही, म्हणून त्याला भरपाई नाही. आणि ते कांदळवन विनामूल्य उगवले, म्हणून त्याला किंमत नाही. त्याने स्वतः खांड पाडून, अर्ज करून, लेखापरीक्षकाच्या देखत समुद्र आत घेतला असता, तर वॉलसीसारखा तो प्रकल्प झाला असता. तसे त्याने केले नाही. त्याने आपल्या परीने बांध वाचवायचा प्रयत्न केला. सातबाऱ्यावर अजून त्याचे नाव आहे. पीकपाहणीच्या रकान्यात काही गावांत अजून भात लिहिलेला सापडतो, तर काहींत पडीक.